वसवसा आणि भीड : किशोरवयीन मुस्लिमांच्या मनोव्यथेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इस्लामी विधिशास्त्रात वयात येणे ही केवळ शारीरिक घटना मानलेली नाही. ती उत्तरदायित्वाची सीमारेषा आहे. मुलांना सातव्या वर्षी नमाज शिकवावी आणि दहाव्या वर्षापासून त्याबाबत शिस्त लावावी, असे हदीस वाङ्मय सांगते. मात्र वयात येईपर्यंत मुलाच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, असेही तेच वाङ्मय स्पष्ट करते. शारीरिक लक्षणे प्रकट न झाल्यास बहुसंख्य विधिज्ञांनी पंधरा चांद्रवर्षे ही मर्यादा ठरविली. इमाम अबू हनीफा यांनी मुलांसाठी अठरा आणि मुलींसाठी सतरा वर्षे मानली. पंधरा वर्षांच्या मर्यादेला आधार आहे तो अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या आठवणीचा. इ.स. ६२५ मधील उहुदच्या लढाईच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. त्यांना परत पाठविण्यात आले. इ.स. ६२७ मधील खंदकाच्या लढाईच्या वेळी ते पंधरा वर्षांचे झाले होते. त्यांना सामील करून घेण्यात आले.

या सीमारेषेपलीकडे पाऊल पडताच वजू, गुस्ल, नमाजेची नियत, रकातींची संख्या, रोजा या सर्व गोष्टींचा हिशेब त्या मुलाच्या अथवा मुलीच्या स्वतःच्या नावावर सुरू होतो. नेमक्या याच वयात काही मनोव्यथाही डोके वर काढतात. अमेरिकेतील एका व्यापक सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार लोकांसमोर वावरण्याच्या तीव्र भयाचा, म्हणजे सामाजिक भयगंडाचा प्रारंभ साधारणतः तेराव्या वर्षाच्या आसपास होतो. मनात नको असलेले विचार पुनःपुन्हा घुसणे आणि ते शमविण्यासाठी एकच कृती वारंवार करावी लागणे, या विकाराची सुरुवातही बहुधा बालपणाच्या अखेरीपासून तारुण्यापर्यंतच्या काळात होते. या दोन गोष्टी एकाच वयात येतात म्हणून धर्माचरण हे आजाराचे कारण ठरत नाही. आजार मनात हाताशी असलेला आशय उचलतो, एवढेच त्यातून म्हणता येते. कैरो येथील मनोविकारतज्ज्ञ अहमद ओकाशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ९० इजिप्शियन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धार्मिक आशयाचे आणि अशुद्धतेविषयीचे विचार सर्वाधिक आढळले. जेथे दिवसातून पाच वेळा शुद्धी आणि प्रार्थना आहे, तेथे शंकेलाही तीच वाट सापडावी यात आश्चर्य नाही.

आपोआप मनात येणारा विचार हे माणसाचे कर्म नव्हे, असा निवाडा इस्लामी परंपरेने अगदी आरंभीच दिलेला आहे. असे असूनही पंधरा वर्षांचा मुलगा नमाजेत मनात आलेल्या एका अभद्र वाक्यामुळे आपली श्रद्धाच नष्ट झाली असे समजतो आणि कोणाशीही बोलत नाही. हा निवाडा कोणी, कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगितला, याचा शोध म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

वसवसा : संकल्पना आणि मूलाधार

'वसवसा' हा अरबी शब्द मुळात ध्वनिवाचक आहे. अलंकारांच्या मंद किणकिणाटासाठी आणि अस्फुट कुजबुजीसाठी तो वापरला जाई. कुराणाच्या अखेरच्या अध्यायात मनुष्याच्या अंतःकरणात कुजबुजणाऱ्याच्या उपद्रवापासून ईश्वराचा आश्रय मागितलेला आहे. कुजबुज ही बाहेरून कानी पडते, ऐकणारा ती उच्चारत नाही. शब्दाच्या निवडीतच हा भेद सूचित झालेला दिसतो.

हदीस वाङ्मयातील एक प्रसंग या संदर्भात अत्यंत बोलका आहे. प्रेषित मुहंमद यांचे काही सहकारी त्यांच्याकडे आले. उच्चारणेही महापाप वाटावे असे विचार आमच्या मनात येतात, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी त्यांना धिक्कारले नाही, प्रायश्चित्तही सांगितले नाही. हे तर निखळ श्रद्धेचेच लक्षण होय, असे उत्तर दिले. 'सहीह मुस्लिम' या संग्रहात हा प्रसंग नोंदलेला आहे. भाष्यकारांनी त्याचा अर्थ असा लावला, की विचार श्रद्धेचे लक्षण नसून त्या विचाराची वाटणारी किळस हे श्रद्धेचे लक्षण आहे. अनुयायांच्या मनात येणाऱ्या गोष्टी त्यांनी बोलून वा करून दाखविल्या नाहीत, तर ईश्वराने त्या माफ केल्या आहेत, असेही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आढळते.

शुद्धीविषयीच्या शंकेबाबतचे उत्तर तर अधिकच व्यवहारी आहे. नमाजेत वायू सरल्याची शंका आल्यास आवाज ऐकू येईपर्यंत किंवा गंध येईपर्यंत जागा सोडू नये, असे सांगितले गेले. या साध्या सूचनेतून पुढे विधिशास्त्रातील एक पायाभूत सूत्र विकसित झाले : निश्चित असलेली गोष्ट शंकेने रद्द होत नाही. एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने तयार केलेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेत हे सूत्र चौथ्या कलमात समाविष्ट झाले. मालमत्तेच्या वादापासून वजूच्या शंकेपर्यंत एकच तत्त्व लागू होते.

पाण्याच्या प्रमाणाविषयीही असेच म्हणता येईल. प्रेषित एका 'मुद्द' पाण्यात वजू करीत, असे वर्णन आहे. मुद्द म्हणजे साधारण ओंजळभर, आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटर. नळ सुरू ठेवून वीस-वीस मिनिटे हातपाय धुणाऱ्या मुलाच्या पालकांनी हे प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रथम विचार मनात चमकून जातो, नंतर त्याकडे ओढ निर्माण होते, मग मन त्याबाबत निर्णय देते आणि अखेरीस संकल्प होतो. पहिल्या दोन पायऱ्या माणसाच्या इच्छेबाहेरच्या असल्याने त्यांबद्दल त्याला जाब विचारला जात नाही. आधुनिक मानसोपचारात रुग्णाला जो भेद शिकविण्यासाठी अनेक बैठका खर्ची पडतात, तो येथे विधिशास्त्रीय भाषेत मांडलेला दिसतो.

विधिज्ञांची निंदा आणि तिची मर्यादा

अतिरेकी शंका ही धार्मिकता नव्हे, याबाबत विधिज्ञांत विलक्षण एकमत आढळते. अकराव्या शतकात अबू मुहंमद अल्-जुवैनी यांनी वसवशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नमाजेच्या नियतीविषयीच्या वसवशाचे कारण बुद्धीतील बिघाड किंवा धर्मनियमांचे अज्ञान हेच असते, असे गझाली यांनी नमूद केले. दमास्कसचे हंबली विधिज्ञ इब्न कुदामा (११४७–१२२३) यांनी वसवसेग्रस्तांची निंदा करणारी एक पुस्तिकाच रचली. मालिकी पंथात ज्याला शंकेने वारंवार ग्रासले आहे अशा व्यक्तीसाठी 'मुस्तन्किह' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. अशा व्यक्तीने शंकेकडे दुर्लक्ष करावे, कृती पुन्हा करू नये, असा नियम आहे. शिया विधिशास्त्रातही 'कसीर अश्-शक', म्हणजे फार शंका घेणारा, याच्यासाठी हाच निर्णय आहे. म्हणजे सामान्य माणसासाठी एक नियम आणि शंकेच्या रुग्णासाठी दुसरा, अधिक सौम्य नियम, अशी विधिज्ञांनी जाणीवपूर्वक व्यवस्था केली.

बगदादचे इब्न अकील (१०४०–१११९) यांच्याविषयीची एक आख्यायिका इब्न अल्-जौझी यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. एका माणसाने त्यांना विचारले, मी अनेकदा पाण्यात बुडी मारतो, तरी अंग शुद्ध झाले की नाही याची शंका राहते. मी काय करावे? जा, तुझ्यावरची नमाज माफ झाली, असे ते म्हणाले. कारण विचारल्यावर त्यांनी स्पष्ट केले, की लेखणी वेड्यावरून उचललेली असते. आणि पुन्हापुन्हा पाण्यात बुडूनही भिजलो की नाही असे विचारणारा वेडाच होय.

ही कथा वाचकाला हसविते, यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर ती बेतली आहे त्याच्या बाजूने पाहिल्यास तिचे दुसरे अंग दिसते. निंदा, सैतान, वेड हे शब्द विद्वानांच्या आपसातील वादात उपयुक्त होते. भेदरलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ते धीर देत नाहीत, उलट तिची लाज वाढवितात. परंपरेचा निर्णय करुणेचा आणि भाषा कठोर, असा हा विसंवाद आहे. तो झाकून परंपरेचा केवळ गौरव करणे इतिहासलेखनास शोभणारे नाही.

इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी या चर्चेत वसवसेग्रस्तांच्या समर्थकांचा युक्तिवादही नोंदवून त्याला उत्तर दिले, हे विशेष होय. समर्थक ज्यांचा दाखला देत, त्यांत अब्दुल्लाह इब्न उमर हेच होते. ते शुद्धीच्या वेळी डोळ्यांच्या आतूनही पाणी घेत, असे सांगितले जाई. इतर सहकाऱ्यांनी तसे केले नाही, त्यामुळे ते अनुकरणीय नाही, असे इब्न कय्यिम यांचे उत्तर आहे. आदरणीय व्यक्तीची कडक शिस्त दुर्बळ मनासाठी आदर्श ठरू नये, ही जाण त्या उत्तरामागे आहे.

अबू झैद अल्-बल्खी यांचा ग्रंथ

विधिज्ञांच्या कठोर भाषेहून निराळी, वैद्याची भाषा अबू झैद अल्-बल्खी (सुमारे ८५०–९३४) यांच्या 'मसालिह अल्-अब्दान वल्-अन्फुस' या ग्रंथात भेटते. बल्ख हे आजच्या अफगाणिस्तानातील नगर. तेथील एका खेड्यात शाळामास्तराच्या घरी बल्खींचा जन्म झाला. त्यांनी बगदादमध्ये तत्त्वज्ञ अल्-किंदी यांच्याकडे अध्ययन केले. नकाशाशास्त्राच्या एका परंपरेलाही त्यांचे नाव मिळाले आहे. ग्रंथाचा पहिला भाग शरीराच्या आरोग्याविषयी असून त्यात चौदा प्रकरणे आहेत. दुसरा भाग मनाच्या आरोग्याविषयी असून त्यात आठ. केवळ शरीरावर लिहून मनाला वगळणाऱ्या वैद्यांवर बल्खींनी टीका केली आहे.

क्रोध, भय, दुःख आणि वसवसा अशा चार व्यथांना त्यांनी स्वतंत्र प्रकरणे दिली. वसवशाच्या दोन उपपत्ती त्यांनी नोंदविल्या : एक शरीरातील पित्तदोषाची आणि दुसरी सैतानाच्या प्रेरणेची. त्यांचा उपचार मात्र विचाराशी विचाराने झुंजण्याचा आहे. एकांत टाळावा, रिकामे बसू नये, विश्वासू लोकांत मिसळावे. आणि आपल्याला जे भयंकर वाटते ते इतरांना वाटत नाही, यावरून ते वास्तवात तसे नसावे असे स्वतःला समजवावे. यापुढे जाऊन ते सांगतात, की आकस्मिक आजारासाठी जसे औषध घरात ठेवतात, तसे मन स्वस्थ असतानाच हितकर विचार साठवून ठेवावेत. घाबरलेल्या मनाला ऐन वेळी युक्तिवाद सुचत नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते.

भयाच्या प्रकरणात त्यांनी धुक्याचे उदाहरण दिले आहे. उष्ण प्रदेशातील माणूस थंड प्रदेशात प्रथमच धुके पाहतो. त्याला ते घट्ट भिंतीसारखे, श्वासही घेता येणार नाही असे वाटते. आत शिरल्यावर मात्र ती नेहमीचीच हवा असल्याचे कळते. ज्याची भीती वाटते त्याच्या आवाजाला व दर्शनाला वारंवार सामोरे जाऊन मनाला सवय लावावी, असा उपाय त्यांनी सांगितला. वर्गात उभे राहून बोलण्याचे भय असणाऱ्या विद्यार्थ्याला धुक्याचे हे उदाहरण सहज पटण्याजोगे आहे.

या ग्रंथाचे हस्तलिखित इस्तंबूलच्या आयासोफ्या संग्रहात होते. फुआत सेझगिन यांनी १९८४ मध्ये फ्रँकफुर्ट येथून त्याची प्रतिकृती प्रसिद्ध केली. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाविषयीच्या भागाचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये उपलब्ध करून दिला. रानिया अवाद आणि सारा अली यांनी २०१५ मध्ये बल्खींच्या वसवसाविषयक प्रकरणाची आधुनिक निदानाच्या निकषांशी तुलना केली. तेव्हापासून बल्खींना आधुनिक बोधन-वर्तन उपचाराचे जनक म्हणण्याची एक लाट आली आहे. ती सावधपणे पाहावयास हवी. मधल्या हजार वर्षांत हा ग्रंथ उपचारपरंपरेचा आधार बनल्याचे दिसत नाही, आणि विसाव्या शतकातील उपचारपद्धती त्यातून निघालेली नाही. मनाची व्यथा ही पापाची खूण न मानता तिची चिकित्सा करता येते, असे सांगणारा एक मुस्लिम विद्वान दहाव्या शतकात होऊन गेला, हे सत्यच पुरेसे मोलाचे आहे.

भारतीय संदर्भ

उत्तर प्रदेशातील थाना भवन येथील मौलाना अश्रफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींसाठी 'बहिश्ती जेवर' हा उर्दू ग्रंथ सिद्ध केला. शुद्धीचे नियम त्यात तपशीलवार आहेत आणि अनेक घरांत वयात येणाऱ्या मुलींच्या हाती हेच पुस्तक दिले जाई. याच थानवींकडे पत्राने सल्ला मागणाऱ्यांत वसवशाने त्रस्त झालेलेही असत. त्यांच्या उत्तरांचा गाभा 'इख्तियारी' आणि 'गैर-इख्तियारी' या भेदात आहे : जे आपल्या स्वाधीन आहे तेवढेच करावे, जे स्वाधीन नाही त्यामागे लागू नये. वसवसा घालविण्याचा प्रयत्नही करू नये, त्याकडे लक्षच देऊ नये, असे ते सांगत. नियमांचे पुस्तक घरोघरी पोचले, पत्रांतील हा दिलासा मात्र प्रामुख्याने शिष्यवर्गात राहिला. नियम आधी कळतात आणि नियमांतील सवलत उशिरा कळते किंवा कळतच नाही, ही अडचण अनेक धर्मसमाजांत आढळते.

मराठी भाषकांना तर ती अपरिचित नाही. या विकारासाठी मराठीत रूढ असलेल्या 'मंत्रचळ' या शब्दातच मंत्र आहे. सोवळ्याओवळ्याच्या घरात पुनःपुन्हा हात धुणाऱ्या व्यक्तीला मंत्रचळ लागला असे म्हटले जाई. अरबीत कुजबुज आणि मराठीत मंत्र, असे दोन्ही भाषांनी या व्यथेचे नाव धर्माच्या परिसरातूनच घेतले. त्यामुळे महाराष्ट्रातील शिक्षकाला वा समुपदेशकाला मुस्लिम विद्यार्थ्याचा वसवसा हा परका प्रकार वाटण्याचे कारण नाही.

उपचार आणि फतवा

१९६६ मध्ये लंडन येथे व्हिक्टर मेयर यांनी एका नव्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्याची भीती वाटते त्याचा स्पर्श होऊ द्यावा आणि त्यानंतरचे धुणे अथवा पुनरावृत्ती टाळावी, असे त्याचे स्वरूप होते. ही पद्धती पुढे या विकाराच्या मानसोपचाराचा मुख्य आधार ठरली. मुस्लिम किशोराच्या बाबतीत तेथे एक खरा प्रश्न उभा राहतो. एकदाच वजू करून नमाज पढ, असे समुपदेशक सांगतो. ती नमाज वैध होईल का, असे मुलगा विचारतो. या प्रश्नाचे उत्तर समुपदेशकाकडे नसते, ते विधिशास्त्रात असते. शंकेचा रुग्ण शंकेकडे दुर्लक्ष करील तर त्याची नमाज वैध आहे, हा मालिकी व शिया नियम अशा वेळी औषधाइतकाच उपयोगी पडतो.

येथे एक धोका लक्षात घ्यावा लागतो. उत्तर मिळाल्यावर मुलगा दुसऱ्या मौलवींकडे जातो, नंतर तिसऱ्याकडे. प्रत्येक वेळी क्षणभर हायसे वाटते आणि शंका पुन्हा उगवते. विचारणे हीच मग हात धुण्यासारखी सक्ती बनते. आईने दिवसातून दहा वेळा 'तू शुद्ध आहेस' असे सांगणे हेही त्याच प्रकारात मोडते. म्हणून इमाम आणि समुपदेशक यांनी मिळून एकदाच, स्पष्ट उत्तर द्यावे आणि नंतर त्या प्रश्नाला नवे उत्तर देऊ नये, हा मार्ग अधिक हितकारक ठरतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. परंतु दूरध्वनी उचलण्यासाठी आधी बोलण्याचे धैर्य लागते, आणि अडचण बहुधा तेथेच असते.

विचारण्याची भीड

'हया', म्हणजे लज्जा अथवा मर्यादाशीलता, हा इस्लामी नीतिविचारात श्रद्धेचा अंश मानला जातो. त्यामुळे जो मुलगा चारचौघांत तोंड उघडत नाही, जो मशिदीत मागच्या रांगेत कोपरा धरतो, त्याचे घरी व समाजात कौतुक होते. त्याच्या छातीतील धडधड कोणाला दिसत नाही. सद्गुण आणि व्यथा यांचा चेहरा येथे सारखाच असतो. गुण असलेली लज्जा माणसाला अयोग्य कृतीपासून रोखते. व्यथा असलेली भीड त्याला योग्य कृतीपासूनही रोखते. इमाम बुखारी यांनी हा फरक ओळखलेला दिसतो. आपल्या संग्रहाच्या ज्ञानविषयक भागात त्यांनी ज्ञानार्जनातील लज्जेवर स्वतंत्र प्रकरण योजले. धर्म समजून घेण्यात लज्जा आड येऊ न देणाऱ्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयेशा यांनी केलेली प्रशंसा त्यात आहे. स्वप्नावस्थेनंतर स्त्रीने स्नान करावे का, हा प्रश्न प्रेषितांना थेट विचारणाऱ्या उम्म सुलैम त्यात आहेत.

त्याच प्रकरणात अब्दुल्लाह इब्न उमर पुन्हा भेटतात. पाने न गळणारे, मुस्लिमासारखे असलेले झाड कोणते, असे कोडे प्रेषितांनी एकदा घातले. लोक रानातील झाडांची नावे घेऊ लागले. ते खजुरीचे झाड असावे, हे इब्न उमर यांच्या मनात आले होते. परंतु जमलेल्यांत ते वयाने सर्वांत लहान होते, समोर ज्येष्ठ बसले होते, आणि ते गप्प राहिले. पुढे त्यांनी हे वडिलांना सांगितले. हजरत उमर त्यांना रागावले नाहीत. तू बोलला असतास तर मला मोठ्या संपत्तीपेक्षा अधिक आनंद झाला असता, एवढेच म्हणाले.

ज्याला स्वतः बोलणे जमतच नाही, त्याच्यासाठीही बुखारींनी लगेच पुढचे प्रकरण ठेवले आहे : लाज वाटल्यामुळे दुसऱ्याकरवी विचारणे. यात हजरत अली यांचा प्रसंग येतो. कामोत्तेजनेच्या वेळी होणाऱ्या किंचित स्रावाचा त्यांना वारंवार त्रास होई. प्रेषितांच्या कन्येशी त्यांचा विवाह झालेला असल्याने स्वतः विचारणे त्यांना अवघड वाटले. 'सुनन अबू दाऊद' या संग्रहातील वृत्तांतानुसार पाठीच्या त्वचेला भेगा पडेपर्यंत ते पुनःपुन्हा स्नान करीत राहिले. बुखारींच्या वृत्तांतात त्यांनी अखेर मिकदाद यांना पाठविले, आणि मिकदाद यांनी त्यांच्या वतीने विचारले. त्यासाठी स्नानाची आवश्यकता नाही, वजू पुरेशी आहे, असे उत्तर मिळाले.